देगेतील शिल्लक अन्न आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षक उभा राहिला की तो निकाल, हजेरी आणि मोबाईल यांविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. ते विषय माझ्या आधीच्या वक्त्यांनी चांगले मांडले आहेत. मला आपल्याशी जेवणाविषयी बोलायचे आहे. नेमके सांगायचे तर, पंगत उठल्यावर देगेत जे शिल्लक राहते त्याविषयी. या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे आणि ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ती मी लपवणार नाही. परंतु तिच्याकडे येण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

आपल्याकडचे बावर्ची किलोवर हिशेब करतात. एक किलो तांदूळ आणि तितकेच मटण यांत आठ ते दहा माणसे पोटभर जेवतात, असे त्यांचे ठोकताळे आहेत. समजा, आठशे लोकांना दावत दिली. मुलीचे वडील म्हणतात, "कमी पडायला नको, हजार धरा." झाले शंभर किलो. बावर्चीला आपल्या नावाची काळजी, म्हणून तो स्वतःहून दहा किलो वाढवतो. त्याच दिवशी गावात आणखी दोन लग्ने असतात, म्हणून प्रत्यक्षात सातशेच माणसे येतात. त्यांना लागले सत्तर किलो. उरले चाळीस. हा हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा मांडला. प्रत्यक्षात लोक ताटात जास्त वाढून घेतात, घरचे नातेवाईक डबे भरून नेतात, म्हणून इतके उरत नाही. तरीदेखील शंभर-दीडशे माणसांचे जेवण उरणे ही आपल्या गावात काही विशेष बाब राहिलेली नाही. शादीखान्याच्या मागच्या नाल्यावर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी गेले असेल, तर त्याला मी अधिक सांगायची गरज नाही.

माझी दादी १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. त्या कामावर सुकडी वाटत. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी तिने खाल्ल्या होत्या आणि त्या भाकरीचे नाव काढले की तिचे तोंड वाकडे होई. पण तीच दादी जेवण झाल्यावर दस्तरखानावरचे शीत अन् शीत बोटाने टिपून खात असे. आम्ही मुले हसायचो. मराठवाड्यातल्या ज्या घरांनी तो दुष्काळ पाहिला, त्यांची नातवंडे आज नाल्यात बिर्याणी ओततात. यात पन्नास-पंचावन्न वर्षांपेक्षा जास्त काळ गेलेला नाही.

हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचा नाही, हे मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज दिला आहे. त्यातले सुमारे साठ टक्के हॉटेलांत किंवा दुकानांत नव्हे, तर घराघरांतून वाया गेले. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी की या आकड्यात साली, देठ, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. आकडा वाचताना त्यात काय मोजले आहे हे आधी पाहावे. तेवढे वजा केले तरी उरते ते कमी नाही. एक किलो तांदूळ पिकवायला काही हजार लिटर पाणी लागते आणि आपण अशा भागात राहतो जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

आता दुसरी बाजू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि पंचवीस-सव्वीस मुले उंचीच्या मानाने फार हडकुळी आहेत. हे आपले महाराष्ट्र राज्य, ज्याला आपण प्रगत म्हणतो. माझ्या वर्गात पहिल्या दोन तासांत पेंगणारी मुले आळशी नसतात. मी चौकशी केली आहे. त्यातली काही सकाळी नुसता काळा चहा पिऊन येतात आणि शाळेच्या खिचडीची वाट पाहतात.

दीनाच्या दृष्टीने या विषयावर बोलण्याचा अधिकार मौलाना साहेबांचा आहे, माझा नाही. मी फक्त शाळेत आपण मुलांना जे शिकवतो त्याची आठवण देतो. खा-प्या, पण इस्राफ करू नका, ही कुरआन शरीफची ताकीद मुलांना पाठ असते. हदीसमध्ये खाली पडलेला घास साफ करून खाण्याची शिकवण आहे. रस्सा करताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी अशीही शिकवण आहे. आणि ज्या वलीम्याला पैसेवाल्यांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्या जेवणाला फार वाईट म्हटले आहे. ही शेवटची गोष्ट आपण दावतीच्या याद्या करताना विसरतो. निमंत्रणपत्रिका आमदार साहेबांच्या बंगल्यावर पोचते, ज्यांनी घराचा पाया खणला त्यांच्या पालावर पोचत नाही. मग रात्री उरलेले अन्न त्यांना द्यायला निघणे हे थोडे उशिराचे शहाणपण होय. परंतु अजिबात न सुचण्यापेक्षा बरे.

लंगरची परंपरा आपल्याला नवी नाही. दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या खानकाहमध्ये जे धान्य, जे अन्न येई ते साठवून ठेवीत नसत. जुम्म्याच्या नमाजापूर्वी कोठारे रिकामी करून झाडून घेण्याचा तिथे रिवाज होता, असे सांगतात. त्यांचे खलिफा हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनला आले. त्यांची मजार आपल्या जवळच खुलताबादला आहे. आपल्यापैकी पुष्कळजण तिथे उर्साला जातात. आलेले अन्न थांबवून ठेवायचे नाही, त्याच वेळी पोचते करायचे, हा त्या परंपरेतला मुद्दा मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. का ते पुढे सांगतो.

मुंबईला माहीमच्या दर्ग्याच्या परिसरात काही हॉटेलांच्या बाहेर भुकेली माणसे रांगेत बसलेली असतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे देतो आणि तितक्या माणसांना आतून जेवण मिळते. देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. मात्र त्या माणसांना रस्त्यावर सर्वांच्या नजरेसमोर बसून राहावे लागते. दोन्ही गोष्टी पाहून ठेवण्यासारख्या आहेत.

शिल्लक अन्न गोळा करून पोचवण्याचे काम संघटितपणे करण्याची कल्पना अमेरिकेत १९६७ साली ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात रुजली. जॉन व्हॅन हेंगेल नावाचे एक गृहस्थ गरिबांच्या भोजनालयात सेवा करीत. त्यांना एक आई भेटली. ती दुकानांच्या मागे टाकून दिलेल्या मालातून आपल्या मुलांना खाऊ घालीत होती. टाकायच्या ऐवजी हा माल बँकेसारखा एका ठिकाणी जमा करता आला आणि गरजूंना तिथून काढता आला तर बरे होईल, अशी कल्पना तिने सुचवली. तिथल्या चर्चने एक जुनी इमारत दिली आणि जगातली पहिली फूड बँक सुरू झाली. विद्वान मंडळींनी नव्हे, एका भुकेल्या घरातल्या बाईने ही गोष्ट सुचवली, हे आपण विसरू नये. पुढे न्यूयॉर्कला १९८२ पासून हॉटेलांतले शिल्लक अन्न उचलण्याचे काम सुरू झाले. फ्रान्सने तर २०१६ साली कायदाच केला की, चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी खाण्याजोगा माल नष्ट करू नये, तो देण्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करावा.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डिसेंबर २०१५ मध्ये जनाब युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. सभासद घरांनी घरच्या किमान दोन ताज्या रोट्या आणि सालन आणून द्यायचे आणि ज्याला गरज असेल त्याने, तो कोणत्याही जाती-धर्माचा असो, येऊन घेऊन जायचे. मुंबईतही निवृत्त पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने रोटी बँक उभी राहिली आणि त्या कामात डबेवाल्यांनी हात लावला. औरंगाबादच्या रोटी बँकेतली एक गोष्ट मला फार आवडली. तिथे उरले-सुरले द्या असे सांगून सुरुवात झाली नाही. आपण जे खातो त्यातलेच ताजे दोन घास द्या, असे सांगून सुरुवात झाली. देण्यात आणि टाकण्यात फरक आहे तो हाच.

आता आमच्या प्रयोगाकडे येतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही चार शिक्षक आणि नववीची बारा मुले यांनी मिळून एक पथक केले. लग्नसराईत शादीखान्यातून निरोप आला की स्टीलचे डबे घेऊन जायचे, उरलेले अन्न भरायचे आणि गावाबाहेरच्या वीटभट्टीवर आणि रस्त्याच्या कडेच्या पालांवर पोचवायचे. पहिली सहा लग्ने फार चांगली गेली. मुलांचा उत्साह विचारू नका. भूमितीचा तास चुकवायला बहाणे शोधणारी मुले रात्री साडेदहाला डबे घासत उभी असत. मलाही थोडा अभिमान वाटू लागला होता, हे कबूल करतो.

सातवा वलीमा दुपारचा होता. मे महिना. दुपारी एकला पंगती बसल्या, चारला उठल्या. आम्हाला निरोप संध्याकाळी सहाला आला. तोपर्यंत दोन देगा झाकण लावून व्हरांड्यात तशाच होत्या. मी हात लावून पाहिले, देग अजून कोमट होती. वास चांगला होता. मी एक घास खाऊनही पाहिला. चव उत्तम. आम्ही डबे भरले, गाडी मिळायला वेळ लागला आणि पालांवर पोचेपर्यंत रात्रीचे नऊ झाले. मध्यरात्रीनंतर अकरा माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यांत सहा मुले होती. पहाटे मला फोन आला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा एका खाटेवर दोन-दोन मुले झोपवून सलाईन लावलेले होते. एका मुलीचे वय चार वर्षांचे होते. तिच्या बापाने मला काही विचारले नाही, शिव्या दिल्या नाहीत. तो फक्त बाजूला सरकला आणि मला बाकावर बसायला जागा दिली. ती जागा मला अजून टोचते.

अल्लाहच्या कृपेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे घरी गेले. यजमानांचा यात काही दोष नव्हता, बावर्चीचाही नव्हता. अन्न चांगलेच शिजले होते आणि ज्यांनी ते एक वाजता खाल्ले त्यांना काही झाले नाही. चूक माझी होती. मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस, पण देग चुलीवरून कधी उतरली हा एक प्रश्न मी विचारला नाही. नंतर कळले, ती सकाळी साडेदहाला उतरली होती. म्हणजे साडेदहा तास.

त्यानंतर मी आमच्या विज्ञान शिक्षकांकडे बसून हा विषय समजून घेतला. तो आपल्या घरातही उपयोगी पडणारा आहे, म्हणून थोडा तपशील देतो. शिजलेले अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिले, किंवा पाच अंशांच्या खाली थंड राहिले, तर त्यात जंतूंची वाढ जवळजवळ होत नाही. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा. शिजलेले अन्न साध्या हवेवर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपली मोठी देग ही या दृष्टीने फार वाईट वस्तू आहे. ती लवकर थंड होत नाही. वरून कोमट लागते, म्हणून आपण समजतो की अन्न चांगले आहे. प्रत्यक्षात तीच कोमट ऊब जंतूंना मानवते. भाताचे आणि मांसाचे काही जंतू असे असतात की त्यांचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. अन्न कोमट झाले की ते जागे होतात. भातातल्या एका जातीच्या जंतूंचे विष असे असते की नंतर कितीही उकळले तरी ते जात नाही. म्हणून आपल्या घरी बायाबापड्या म्हणतात, "पुन्हा एक उकळी दिली की झाले," ते अर्धेच खरे आहे. आणि चवीवरून, वासावरून काही कळत नाही. मी स्वतः तो घास खाल्ला होता. मला काही झाले नाही, चार वर्षांच्या मुलीला झाले.

निजामुद्दीन औलियांच्या कोठाराचा मुद्दा मी मघाशी सांगितला, तो याचसाठी. अन्न पोचते करायचे तर त्याच वेळी. थांबलेले अन्न दान राहत नाही.

या प्रसंगानंतर काम बंद पडले. ते बंद करावे असे ज्या बुजुर्गांनी सांगितले त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. संस्थेच्या नावाला काळिमा लागला असता, एखादे मूल दगावले असते, मग कोण जबाबदार होते? पण काम बंद पडल्यापासून नाल्यावरचे अन्न कमी झालेले नाही, हेही आपण सर्व पाहत आहोत.

दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. ती कोणाच्या कानावर गेलेली नाही. दवाखान्याच्या प्रकाराआधी, बहुधा चौथ्या लग्नाच्या वेळी, आम्ही वीटभट्टीवर डबे घेऊन गेलो होतो. तिथल्या एका झोपडीत आमच्याच शाळेतला आठवीचा एक मुलगा राहत होता. मला ते ठाऊक नव्हते. पथकातल्या मुलांनी त्याला पाहिले आणि हाक मारली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, त्यांना आनंदच झाला होता. तो मुलगा विटांच्या ढिगामागे गेला तो आम्ही परतेपर्यंत बाहेर आला नाही. पुढे तीन दिवस तो शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याची आई आली. ती म्हणाली, "सर, जेवण पाठवा, नको कशाला म्हणू? पण त्याच्या शाळेतली पोरं नका पाठवू."

इतकेच बोलून ती गेली. दवाखान्यातल्या रात्रीने मला जितके शिकवले तितकेच त्या बाईच्या वाक्याने शिकवले. आम्ही त्या मुलांचे फोटो काढून संस्थेच्या फलकावर लावायच्या बेतात होतो, हे सांगायला आज मला लाज वाटते.

तेव्हा काम पुन्हा सुरू करावे की नाही? माझे मत, करावे. पण पूर्वीसारखे नाही.

पहिली गोष्ट, उरूच नये यासाठी झटणे. वाटपापेक्षा हे काम मोठे आहे, आणि त्याला गाडी लागत नाही, डबे लागत नाहीत. मी आपल्या गावातल्या तीन बावर्चींशी बोललो. तिघांचेही म्हणणे एकच पडले: देग एकदम चढवायची नाही. शेवटची देग कच्ची तयारी करून ठेवायची, दोन पंगती उठल्या की माणसे मोजायची आणि मग ती चढवायची की नाही ते ठरवायचे. कच्चा तांदूळ आणि न शिजवलेली डाळ दुसऱ्या दिवशीही कामाला येते. यासाठी यजमानाने बावर्चीला शब्द द्यायला हवा की थोडा उशीर झाला तरी मी तुला बोल लावणार नाही. आपल्या समाजात ताट पाच मिनिटे उशिरा आले की नवऱ्याकडचे रुसतात. हा रुसवा दरवर्षी किती क्विंटल तांदूळ खातो, याचा हिशेब कोणी करावा.

दुसरी गोष्ट, वेळ. आपला शादीखाना संस्थेच्या मालकीचा आहे. भाड्याच्या अर्जावर दोन ओळी वाढवाव्यात, अशी मी कार्यकारी मंडळाला विनंती केली आहे. पाहुणे किती आणि देग किती वाजता उतरली. देगेवर खडूने वेळ लिहायची. पहिली पंगत बसताच एक देग न उघडता बाजूला, मंद आचेवर ठेवायची. उरणार असे दिसले तर पथकाला पंगत चालू असतानाच निरोप द्यायचा, संपल्यावर नव्हे. आचेवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत जे खाणाऱ्याच्या हातात पडणार नाही ते न्यायचेच नाही. ते खतात घालावे. जीव तुटतो, पण तसेच करावे. ताटातले उष्टे तर कोणाच्याही तोंडी जाता कामा नये, याविषयी दुमत नसावे.

तिसरी गोष्ट, कायदा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी नियमावली केलेली आहे. असे काम करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, डब्यावर पदार्थाचे नाव, तो कुठून आला, कधी शिजला, शाकाहारी की मांसाहारी हे लिहायचे, वहीत नोंद ठेवायची. आम्ही २०२३ मध्ये यातले काहीही केले नव्हते, कारण अशी नियमावली आहे हेच आम्हाला माहीत नव्हते. आता संस्थेच्या नावाने अर्ज भरून तयार आहे. सदर साहेबांची सही तेवढी बाकी आहे. शाकाहारी-मांसाहारीची नोंद केवळ कागदापुरती नाही. भट्टीवर सगळ्या जातींची कुटुंबे असतात आणि भुकेल्या माणसालाही आपल्या ताटात काय आहे ते कळण्याचा हक्क असतो.

चौथी गोष्ट त्या आईने सांगितली ती. वाटपाला विद्यार्थी जाणार नाहीत. विद्यार्थ्यांनी शादीखान्यात माणसे मोजावीत, वेळ लिहावी, डबे उकळत्या पाण्याने धुवावेत. पोचवायला मोठी माणसे जातील, तीही दोघे-तिघेच, आणि फोटो कोणी काढणार नाही. शक्य झाले तर पुढे आपण एखादी खोली घेऊ, जिथे ज्याला यायचे त्याने स्वतः यावे आणि डबा घेऊन जावे.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती या सगळ्यापेक्षा अवघड आहे. लग्ने होतात उन्हाळ्यात. रमजानमध्ये होत नाहीत, मुहर्रममध्ये आपण टाळतो. भूक मात्र पावसाळ्यात असते. भट्ट्या जून महिन्यात बंद होतात. पेरणी झाली की शेतातली मजुरीही काही आठवडे थांबते. आषाढ-श्रावणात आमच्या वर्गातली मुले सगळ्यात जास्त पेंगतात, हे हजेरीपटावरूनही दिसते. त्या वेळी शादीखान्यात देग नसते. म्हणून देगेतल्या शिल्लक अन्नावर कोणाची भूक भागवू असे आपण समजू नये. भूक भागते ती मजुरीने आणि रेशनने. अन्न सुरक्षा कायद्याखाली पात्र कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण भट्टीवरच्या कुटुंबांची कार्डे त्यांच्या मूळ गावी असतात. देशात कुठेही धान्य घेता येण्याची सोय आता आहे, पण अंगठा जुळत नाही, दुकानदार परत पाठवतो, अर्ज कुठे द्यायचा ते त्यांना ठाऊक नसते. आपल्या शाळेत लिहिता-वाचता येणारी चारशे मुले आहेत. एक अर्ज नीट भरून देणे हे शंभर डब्यांइतके काम आहे, असे मला वाटते.

पावसाळ्यासाठी आपल्याकडे एक जुनी चाल आहे, ती आठवावी. मदरशासाठी घरातल्या बाया रोज पीठ मळताना, तांदूळ धुताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकीत. महिन्याला तो डबा कोणीतरी येऊन नेई. कोणत्याही घराला तो जड वाटला नाही. तशीच एक मूठ आपण भट्टीच्या मुलांसाठी काढली तर चारशे घरांचे धान्य किती होईल, हे सातवीच्या मुलांना मी गणित म्हणून दिले होते. रोज पन्नास ग्रॅमची मूठ धरली, तर दिवसाला वीस किलो आणि महिन्याला सहाशे किलो. एका मुलीने वहीच्या कडेला लिहिले होते, "सर, आमच्या घरी मूठ काढता येणार नाही, आम्हालाच लागेल." ते उत्तरही मी बरोबर धरले. तिच्या घरासारखी घरे आपल्या पालकांत आहेत आणि त्यांच्याकडून कोणी काही मागणार नाही.

पुढच्या महिन्यात शादीखान्यात पाच लग्ने ठरलेली आहेत. त्यांपैकी दोन यजमानांनी शेवटची देग उशिरा चढवायला होकार दिला आहे. तिसरे आज इथे बसले आहेत आणि त्यांनी अजून विचार करतो म्हणून सांगितले आहे. पोचवण्याच्या कामाला मला सहा मोठी माणसे हवी आहेत, त्यांत दोन बहिणी असाव्यात, कारण पालांवर बायकाच घरी असतात. ज्यांच्याकडे तीन चाकी किंवा झाकलेली गाडी असेल त्यांनी मेळावा संपल्यावर मला भेटावे. रेशनचे अर्ज भरण्याचे काम दहावीची मुले दर शनिवारी शाळा सुटल्यावर करतील. त्यासाठी वर्ग क्रमांक सात मोकळा ठेवला आहे. जुने डबे घासून त्याच वर्गाच्या कपाटात ठेवले आहेत. चोवीस होते, त्यांपैकी तीन सापडत नाहीत. कोणाच्या घरी राहिले असतील तर कृपा करून आणून द्यावेत.